दोन डॉलरचं भिंग आणि पेशंटच्याच हातात दिलेलं माप: ‘नेत्र’ची केस

मागच्या पावसाळ्यात पेठ तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत डोळे तपासणीचं शिबिर होतं, सकाळी अकराला लाईट गेली ती चारपर्यंत आलीच नाही, आणलेला इन्व्हर्टर दीड तासात बसला आणि त्याच्याबरोबर ऑटोरेफ, म्हणजे नंबर काढायचं मशीनही बसलं. बाहेर व्हरांड्यात दीडशे पोरं रांगेत. मग काय, ट्रायल सेटची, म्हणजे वेगवेगळ्या नंबरच्या काचांची पेटी उघडली, हातात रेटिनोस्कोप घेतला आणि जुन्या पद्धतीनं एकेक पोर बसवून नंबर काढायला लागलो. रेटिनोस्कोपीत पोराच्या बाहुलीत प्रकाशाची एक पट्टी टाकायची, आतून येणारी तांबूस झाक पट्टीच्या दिशेनं सरकते का उलट सरकते ते बघायचं आणि समोर एकेक काच धरत ती हालचाल थांबेपर्यंत जायचं. हात बसायला मला दोन वर्षं लागली होती. संध्याकाळपर्यंत निम्मी पोरं राहिली ती राहिलीच.

त्या दिवशी परत येताना गाडीत मी सगळा वेळ ‘नेत्र’चा, म्हणजे मोबाईलला लावून चष्म्याचा नंबर काढायच्या क्लिपचा, विचार करत होते. कॉलेजात असताना ते प्रकरण पहिल्यांदा वाचलं होतं तेव्हा भारावून गेले होते, नंतर कामाला लागल्यावर त्यातल्या अडचणी दिसायला लागल्या, आणि आता इतक्या वर्षांनी मला वाटतं की एखादा संशोधक कॉम्प्युटर, इंजिनिअरिंग आणि मेडिकल या तिन्ही घरांत एकाच वेळी पाय ठेवतो तेव्हा नेमकं काय मिळतं आणि काय अडतं हे समजून घ्यायला यासारखी दुसरी केस नाही. म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

माणूस आपल्या नाशिकचा. रमेश रासकर. पुण्याच्या सीओईपीत इंजिनिअरिंग, मग अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्सची पीएचडी, नंतर काही वर्षं मित्सुबिशीच्या रिसर्च लॅबमध्ये, आणि २००८ पासून एमआयटी मीडिया लॅब. तिथे त्यांच्या ग्रुपचं नाव कॅमेरा कल्चर. लोकांना ते माहीत आहेत ते मुख्यतः प्रकाश सरकताना दाखवणाऱ्या कॅमेऱ्यामुळे, सेकंदाला एक लाख कोटी फ्रेम वगैरे. पण मला विचाराल तर त्याहून साधी आणि माझ्या पोटापाण्याच्या जवळची गोष्ट म्हणजे २०१० ची नेत्र. नाव इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांचं आहे, पण ती आद्याक्षरं जुळवणाऱ्याच्या डोक्यात मराठी होती हे उघड आहे. पेपरवर चार नावं आहेत: विटोर पाम्प्लोना, अंकित मोहन, मानुएल ऑलिव्हेरा आणि रासकर. पाम्प्लोना आणि ऑलिव्हेरा ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रेतल्या विद्यापीठाचे. आणि लक्षात घ्या, पेपर छापून आला तो सिग्राफमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर ग्राफिक्सवाल्यांच्या परिषदेत, जिथे ॲनिमेशन आणि गेमवाली मंडळी जातात, डोळ्यांचे डॉक्टर जात नाहीत.

आता प्रश्न काय होता ते सांगते. नंबर काढायचे रस्ते तीन. एक, ट्रायल सेट आणि भिंतीवरचा तक्ता, ‘आधीचं बरं का आत्ताचं बरं’ विचारत राहायचं. दोन, वर सांगितलेली रेटिनोस्कोपी. तीन, मशीन. मशीनमधला सगळ्यात तपशीलवार माप देणारा प्रकार शॅक-हार्टमन नावानं ओळखला जातो. त्यात डोळ्यात एक बारीक किरण सोडतात, तो मागच्या पडद्यावर आपटून परत बाहेर येतो, बाहेर येताना त्याला छोट्या छोट्या भिंगांच्या जाळीतून जाऊ देतात, जाळीमागच्या सेन्सरवर ठिपके उमटतात आणि डोळा सदोष असेल तर ठिपके आपल्या जागेवरून सरकलेले असतात. किती सरकले त्यावरून नंबर. हे सगळं नीट चालायला किरणाचा सोर्स, सेन्सर, बारीक अलाइनमेंट लागतं, पेशंटची हनुवटी टेकवायला स्टँड लागतो, आणि म्हणून आपल्याकडे टेबलावरचं मशीन घ्यायचं म्हटलं की लाखांत जातं आणि लाईट गेली की माझ्यासारखी अवस्था होते.

या मंडळींनी काय केलं, तर आख्खी गोष्ट उलटी फिरवली. किरण आत पाठवून बाहेर येताना मोजायच्या ऐवजी ठिपके आपणच बाहेर दाखवायचे आणि आतून डोळ्यानंच बघून सांगायचं की ते जुळले का नाही. सेन्सर कोण? पेशंटचा पडदा. कॉम्प्युटर कोण? अर्धा पेशंटचा मेंदू, अर्धा मोबाईल. मला या केसमधली खरी उडी हीच वाटते.

हे कसं चालतं ते कळायला मोबाईलची गरज नाही, घरी करून बघता येतं. मायनस नंबर असलेल्या कुणालाही जमेल. एक जाड कार्ड घ्या, लग्नपत्रिकेचं चालेल, त्याला सुईनं एकावर एक दोन भोकं पाडा, मध्ये दोन मिलिमीटर अंतर ठेवा, जास्त नको, कारण दोन्ही भोकं बाहुलीच्या आत मावली पाहिजेत. रात्री गॅलरीत जा, चष्मा काढा, एक डोळा झाका आणि कार्ड दुसऱ्या डोळ्याला अगदी चिकटवून लांबच्या रस्त्यावरच्या एकाच दिव्याकडे बघा. दिवा एक आहे पण दिसतील दोन, एकाच्या वर एक. आता नखानं वरचं भोक झाका, वरचा दिवा जाईल. प्लस नंबरवाल्याला दोन दिसले तर वरचं झाकल्यावर खालचा जाईल. ही युक्ती शायनर नावाच्या जर्मन जेसुइट पाद्र्यानं १६१९ मध्ये लिहून ठेवलीय, चारशे वर्षं झाली.

आणि त्या दोन दिव्यांमधलं अंतर म्हणजेच तुमचा नंबर. हिशेब साधा आहे: भोकांमधलं अंतर (मीटरमध्ये) गुणिले डायॉप्टर, म्हणजे चष्म्याच्या नंबरचा आकडा. माझा मायनस साडेतीन आहे, भोकं दोन मिलिमीटरवर, म्हणजे ०.००२ गुणिले ३.५, ०.००७ रेडियन, म्हणजे कोनाचं माप. पन्नास मीटरवरच्या दिव्यापाशी ते पस्तीस सेंटिमीटर होतात. खरोखर असंच दिसतं, खांबावर एकाखाली एक दोन बल्ब लावलेत आणि मध्ये फूटभर जागा सोडलीय असं. पहिल्यांदा हे केलं तेव्हा मी दहा मिनिटं गॅलरीतच उभी होते, रोज दुसऱ्यांचे नंबर काढणारी मी आणि स्वतःचा नंबर असा डोळ्यानं ‘दिसलेला’ मी आयुष्यात पहिल्यांदा बघितला.

आता यातल्या लांबच्या दिव्याच्या जागी मोबाईलचा स्क्रीन ठेवा. डोळा आणि स्क्रीनच्या मध्ये छोटी नळी, डोळ्याकडच्या टोकाला भोकांच्या किंवा बारीक भिंगांच्या जाळीची क्लिप. स्क्रीनवर एक लाल रेघ, एक हिरवी रेघ. नंबर नसलेल्या डोळ्याला त्या एकमेकींवर बसलेल्या दिसतील, नंबर असलेल्याला वेगळ्या. पेशंटनं मोबाईलचं बाणाचं बटण दाबत त्या जुळवायच्या, बस. प्रत्येक दाबण्याला रेघ एकेक पिक्सेल सरकते, आणि जुळायला किती पिक्सेल लागले ते फोन मोजतो. डोळ्याच्या दृष्टीनं बघाल तर रेघा सरकताना समोरची वस्तूच जवळ-लांब होतेय, म्हणजे काचा न बदलता ट्रायल सेटमधल्या काचा बदलल्यासारखं. बिनचष्म्याचा थ्रीडी स्क्रीन ज्या तत्त्वावर चालतो तेच हे तत्त्व, फक्त डोळा हातभर अंतरावर न ठेवता काही मिलिमीटरवर आणलाय.

हेच रेघा फिरवून आठ वेगवेगळ्या कोनांत करायचं, म्हणजे सिलेंडर (तिरका नंबर) आणि त्याचा ॲक्सिसही (कोन) निघतो, कारण तिरक्या नंबरच्या डोळ्यात प्रत्येक कोनातली पॉवर वेगळी असते आणि ती वर-खाली जाणारी लाट एकदा बसवली की तिची उंची म्हणजे सिलेंडर आणि तिची जागा म्हणजे ॲक्सिस. आठ वेळा एका डोळ्याला, सगळं मिळून दोन मिनिटांच्या आत. क्लिपचा बनवायचा खर्च एक-दोन डॉलर.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगायची म्हणजे वेळ. हेच २००० साली कुणी करायला घेतलं असतं तर झालंच नसतं, कारण माप किती बारीक येणार हे सगळं पिक्सेल किती बारीक यावर आहे. पिक्सेल मोठा तर एका दाबण्यात नंबर एकदम उडी मारणार. स्मार्टफोनचे स्क्रीन इंचाला अडीचशे पिक्सेलच्या आसपास पोचले आणि त्याच सुमाराला नेत्र आली, हा योगायोग नाही. सिनेमा बघायला म्हणून लोकांनी स्क्रीनचे पैसे दिले आणि फुकटात डोळे तपासायचं ऑप्टिक्स त्यात बसलं. हे बघायला ग्राफिक्सवाल्याचाच डोळा लागतो. माझ्या क्षेत्रातली माणसं फोनकडे फोन म्हणूनच बघत होती, मीसुद्धा. याच ग्रुपनं एक वर्ष आधी, २००९ ला, बोकोड नावाचं काम केलं होतं, तीन मिलिमीटरच्या ठिपक्यात भिंगामागे लपवलेला बारकोड, जो कॅमेरा मुद्दाम आउट ऑफ फोकस केला की वाचता येतो. दोन्ही शेजारी ठेवून बघितले की एकच धागा दिसतो: धूसर दिसणं म्हणजे माहिती गेली असं नाही, ती वेगळ्या रूपात तिथेच असते, काढता आली पाहिजे. तिथे धूसर बघणारा कॅमेरा होता, इथे माणसाचा डोळा.

पेपरमध्ये त्यांनी लोकांच्या आधीच्या चष्म्याच्या नंबरशी ताडून बघितलं आणि सरासरी चूक अर्ध्या डायॉप्टरच्या आत आली. भिंगाच्या एका तुकड्यावर आणि फोनवर हे जमणं म्हणजे कमालच आहे. पण मी रोज चष्मे लिहून देते, तर माझ्या बाजूनंही सांगितलं पाहिजे. काचा ०.२५ च्या पायरीनं मिळतात, म्हणजे अर्धा डायॉप्टर म्हणजे दोन पायऱ्या. ‘या पोराला चष्मा लागतोय का’ एवढं शोधायला हे भरपूर झालं, पण त्याच आकड्यावर थेट काच घासायला द्यायची तर माझा हात धजत नाही.

आणि मोठी अडचण आकड्यात नाहीच, ती त्याच उडीत आहे. माप पेशंटच्या हातात दिलं की पेशंटचा डोळा आणि पेशंटचं मन दोन्ही मापात उतरतात. लहान पोराच्या डोळ्यातलं भिंग प्रचंड लवचिक असतं, दहा वर्षांचं पोर बारा-चौदा डायॉप्टरपर्यंत जोर लावून जवळचं स्पष्ट करू शकतं. नळीत डोकावलं की मेंदूला वाटतं वस्तू जवळ आहे, आणि डोळा आपोआप जोर लावतो, मग मायनस नंबर खोटा वाढून येतो. तसा चष्मा दिला तर पोराला त्यातून दिसतंही स्वच्छ, तक्रार करत नाही, आणि संध्याकाळी डोकं दुखतं म्हणून अभ्यास टाकून झोपतं. म्हणूनच आपण पोरांना हा जोर सैल करणारे ड्रॉप टाकून तपासतो. फोन तो जोर सैल करू शकत नाही, पोराला कितीही सांगा.

दुसरी बाजू वयस्कर माणसांची. मागे एका आजींना मी साधं लाल-हिरव्याचं विचारत होते, तक्त्यावर लाल भागातली अक्षरं ठळक का हिरव्या भागातली. आजी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बाई, तू सांग कोणतं बरोबर, मी तेच म्हणते." त्यांना परीक्षा वाटत होती ती, चुकलं तर चष्मा मिळणार नाही अशी भीती. आता याच आजींच्या हातात बटण देऊन रेघा जुळवा म्हणायचं, आठ वेळा, दोन्ही डोळ्यांना. रेघा जुळतील का नाही ते नंतरचं, आधी आजींच्या मनातली भीती जायला पाहिजे, आणि ती घालवायला समोर माणूस लागतो. अमेरिकेतल्या विद्यार्थ्यावर दोन मिनिटांत होणारी टेस्ट आमच्याकडे आजींसाठी पंधरा मिनिटांची होते. मी हे यंत्राचा दोष म्हणून सांगत नाहीये, ज्या गुणामुळे ते दोन डॉलरला झालं त्याचीच ही किंमत आहे. सेन्सर काढून माणूस बसवला, तर सेन्सर घाबरत नाही, माणूस घाबरतो.

पुढची हकीकत थोडक्यात. २०११ ला याच ग्रुपनं कॅटरा नावाचं भावंड आणलं, तशीच क्लिप पण मोतीबिंदूसाठी, भिंगात डाग कुठे आणि किती दाट याचा नकाशा काढायला. त्याच सुमाराला आयनेत्र नावाची कंपनी निघाली. तिनं साध्या क्लिपवरून पुढे जाऊन पूर्ण संच बनवला: नंबर काढायचं यंत्र, जुन्या चष्म्याचा नंबर वाचायचं यंत्र, आणि काचा बदलून खात्री करायचं हातातलं यंत्र. या यादीकडे मी बराच वेळ बघत बसले होते. एका यंत्राची तीन का झाली? कारण खोलीत बसून नंबर काढणारा माणूस या तिन्ही गोष्टी करतो. आधीचा चष्मा बघतो, नवा नंबर काढतो, मग लावून विचारतो. ‘आधीचं बरं का आत्ताचं बरं’ परत आलंच. आणि २०१५ ला कंपनीनं न्यूयॉर्कमध्ये ब्लिंक नावानं घरी येऊन डोळे तपासायची सेवा काढली तेव्हा संच घेऊन माणूस दारात यायचा आणि मागे ऑप्टोमेट्रिस्ट (नंबर काढून देणारा तज्ज्ञ) लांबून तपासून प्रिस्क्रिप्शन द्यायचा, फी ७५ डॉलर. काही जण म्हणतात दोन डॉलरचं पंचाहत्तर झालं. मला तसं म्हणवत नाही. त्यांनी मापन स्वस्त केलं आणि मग बाकीच्या साखळीची खरी किंमत उघडी पडली, ती आधीपासून तेवढीच होती.

साखळी म्हणजे काय ते आकड्यांतच बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालात जगात किमान २२० कोटी लोकांना दृष्टीचा त्रास आहे आणि त्यातल्या किमान १०० कोटींचा त्रास टाळता आला असता किंवा अजून त्यावर इलाज झालेला नाही. या १०० कोटींतला सगळ्यात मोठा ढीग, ८२.६ कोटी, नुसता चाळिशीच्या चष्म्याचा आहे. चाळिशी लागलेल्या, बाकी डोळे बरे असलेल्या माणसाला रेडीमेड चष्मा द्यायला ना ऑटोरेफ लागतं ना नेत्र, वय विचारायचं, पोथी किंवा पेपर हातात द्यायचा, दोन-तीन चष्मे लावून बघायचे. आसाममध्ये चहाच्या मळ्यातल्या चाळिशीपुढच्या कामगारांना जवळचे चष्मे दिले आणि चष्मा न दिलेल्यांच्या तुलनेत त्यांनी रोज खुडलेल्या पानांचं वजन २१.७ टक्क्यांनी जास्त वाढलं, हा अभ्यास २०१८ ला लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये आलाय. तिथे अडलं होतं ते मापन नव्हतं, मळ्यापर्यंत चष्मा पोचणं होतं. पोरांच्या मायनस नंबरचं मात्र तसं नाही, तिथे मापच पाहिजे, आणि तिथे नेत्रनं दाखवलेली वाट फार मोलाची आहे.

त्या वाटेवर नंतर दुसरेही आले. एमआयटीतूनच निघालेल्या प्लेनऑप्टिका कंपनीनं क्विकसी नावाचं हातात धरायचं यंत्र आणलं, दुर्बिणीसारखं, त्यातून पेशंट आरपार लांब बघत राहतो म्हणजे डोळा जोर कमी लावतो, आणि माप यंत्र स्वतः घेतं, पेशंटला काही जुळवावं लागत नाही. म्हणजे परत सेन्सर आला, पण आता तो हातात मावतो आणि बॅटरीवर चालतो. तरी मी याला नेत्रचा पराभव मानत नाही. २०१० च्या आधी ‘खेड्यातल्या व्हरांड्यात बसून नंबर काढायचं यंत्र’ हा विषय इंजिनिअरिंगच्या मोठ्या लॅबांत कुणी एवढ्या गंभीरपणे मांडला होता असं मला तरी आठवत नाही.

रासकरांना २०१६ ला लेमेलसन-एमआयटी पुरस्कार मिळाला, पाच लाख डॉलरचा. पण मला त्यांची आवडणारी गोष्ट वेगळीच आहे, २०१५ च्या सिंहस्थाच्या आधी ते नाशिकला येऊन कॉलेजच्या पोरांना घेऊन कुंभथॉनची शिबिरं घेत होते, गर्दी, आरोग्य, राहण्याची सोय अशा अडचणी आधी शोधा आणि मग यंत्र बनवा म्हणून. नेत्रमध्ये यंत्र आधी सुचलं आणि अडचणी नंतर कळल्या, कुंभथॉनमध्ये क्रम उलटा होता. त्यांनी नेत्रवरून हे उचललं असं मी म्हणू शकत नाही, पण दोन्ही बघितल्यावर मला तरी ते लागोपाठच्या दोन पायऱ्यांसारखं दिसतं.

परत त्या आश्रमशाळेकडे येते. दुसऱ्या आठवड्यात राहिलेली पोरं तपासायला गेले तेव्हा पर्समध्ये सुईनं भोकं पाडलेली चार कार्डं घेऊन गेले होते. व्हरांड्याच्या एका टोकाला शिपाईमामांना मोबाईलची टॉर्च लावून उभं केलं, दुसऱ्या टोकाला पोरं, अंधाऱ्या कोपऱ्यात, म्हणजे बाहुली मोठी राहते. एकेकाला डोळ्याला कार्ड लावून विचारलं, दिवे किती? बहुतेक "एक" म्हणाली. सातवीतला एक मुलगा, शेवटच्या बाकावर बसणारा, वर्गात वही कोरी ठेवतो म्हणून मार खाणारा, तो म्हणाला, "दोन हायेत ना मॅडम." वरचं भोक झाक म्हटलं. "वरचा गेला." मागची पोरं हसली, एकच दिवा आहे म्हणून, तर तो चिडून म्हणाला, "या ना मंग, बघा तुम्ही!" ड्रॉप टाकून रेटिनोस्कोपी केली, दोन्ही डोळे मायनस सव्वादोन. अर्धा मीटरही पूर्ण नाही, तेवढ्यातच त्याला स्पष्ट दिसत होतं, आणि फळा वीस फुटांवर.

कार्डानं पाऊण तासात रांगेतली साठ पोरं चाळून झाली, त्यातली "दोन" म्हणणारी अकरा मी नीट तपासली. "एक" म्हणणाऱ्यांनाही नंतर तक्त्यापुढे उभं केलंच, एवढ्या भरवशावर सोडता येत नाही. चष्मा लागला नऊ जणांना. नंबर त्याच दिवशी हातात होते, चष्मे शाळेत पोचायला त्यानंतर एकोणीस दिवस लागले.